नाव घेणारा असावा
शूर्पारक परिसरातील पितृस्मरणाची परंपरा

देवळाचा जीर्णोद्धार झाला की स्मरणिका निघते. स्मरण हा शब्द तिच्या नावातच आहे, आणि देवळाच्या कामाशी त्याचे नाते फार जुने आहे. महाराष्ट्रातल्या कोणत्याही जीर्णोद्धारित देवळात पाऊल टाकले, की पायरीवर, फरशीवर, घंटेवर, समईवर, सभामंडपाच्या खांबावर ‘यांच्या स्मरणार्थ’ अशी अक्षरे दिसतात. देव एक, पण त्याच्या दारात गावातील अनेक गेलेली माणसे अशा रीतीने उभी असतात. मुलगा बापाच्या नावाने पायरी देतो, लेक आईच्या नावाने समई देते, भाऊ भावाच्या नावाने पाण्याची टाकी बांधून देतो. देणारा देवाला देतो आणि नाव मात्र गेलेल्याचे घालतो. ही रीत कोठून आली आणि तिच्या मागचा भाव कोणता, याचा शोध घेण्यास गास आणि त्याच्या भोवतालची भूमी फार अनुकूल आहे. सोपारा, निर्मळ, भुईगाव, वसई या चार ठिकाणांच्या इतिहासात पितृस्मरणाचा सुमारे सव्वादोन हजार वर्षांचा धागा सापडतो.

शूर्पारक : पित्याच्या स्मरणाची भूमी

सोपाऱ्याचे प्राचीन नाव शूर्पारक. महाभारताच्या वनपर्वात या तीर्थाचा उल्लेख आहे आणि परशुरामाशी त्याचे नाते जोडलेले आहे. परशुरामाची सारी कथाच पित्याच्या मृत्यूभोवती फिरते. जमदग्नींची हत्या झाली, त्या शोकातून परशुरामाने शस्त्र उचलले आणि समंतपंचकाच्या डोहांवर पितरांचे तर्पण केले, असे आदिपर्व सांगते. परंतु कथा तेथे संपत नाही. तर्पणाने संतुष्ट झालेले ऋचीकादी पितर प्रकट झाले आणि त्यांनीच त्याला आता आवर घालण्यास सांगितले. जिवंत माणसाने आमच्या नावाने वैर चालवू नये, ही पितरांची इच्छा. स्मरण माणसाला शांत करणारे असावे, हा या कथेचा बोध आजही घेण्यासारखा आहे.

शूर्पारकातील रामतीर्थाचा उल्लेख नाशिकच्या लेण्यातील उषवदाताच्या शिलालेखातही येतो. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील हा दाता नहपान क्षत्रपाचा जावई. त्याने शूर्पारक येथे वाटसरूंसाठी निवारा बांधल्याची आणि रामतीर्थावरील साधूंना नारळीची झाडे दान केल्याची नोंद त्या लेखात आहे. दान करावे, ते दगडावर कोरावे आणि पुढच्या पिढीने वाचावे, ही पद्धत या किनाऱ्याला तेव्हापासून परिचित आहे.

कान्हेरीच्या लेण्यांत सोपारा, कल्याण, चेऊल येथील दात्यांची नावे कोरलेली आहेत. तेथील काही लेखांत हे दान आईवडिलांच्या पुण्यासाठी दिले, असे स्पष्ट म्हटले आहे. कार्ल्याच्या चैत्यातील एका खांबावर सोपाऱ्याहून आलेल्या सातिमित नावाच्या धर्मप्रवचनकाराचे नाव आहे, आणि तो खांब अस्थिधातूसह दिल्याचे लेखात नमूद आहे. म्हणजे खांब द्यायचा, त्यावर नाव घालायचे आणि दिवंगताची आठवण त्यात जपायची, ही आजच्या देणगीदारांची रीत सोपाऱ्याच्या माणसांनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीही पाळली होती. धर्मपंथ निराळे होते. भाव तोच होता.

बुरुड राजाचा कोट

सोपाऱ्यातील एका मोठ्या टेकाडाला लोक बुरुड राजाचा कोट म्हणत. बुरुड जातीच्या कोणा राजाचा हा किल्ला, अशी समजूत होती. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते टेकाड खणले, तेव्हा तो बौद्ध स्तूप असल्याचे सिद्ध झाले. आत एक मोठी दगडी पेटी मिळाली. तिच्यात तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांच्या आत सोन्याचा, असे एकात एक बसवलेले करंडक निघाले. सर्वांत आतल्या सोन्याच्या करंडकात होते काय? मातीच्या भांड्याचे तेरा लहान तुकडे. ते भगवान बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले जातात. शिवाय सोन्याची फुले आणि यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणेही मिळाले. हे सर्व अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत जतन केलेले आहेत.

सोन्याच्या आत मातीचे तुकडे! प्रिय माणसाने हाताळलेल्या वस्तूला माणूस किती मोल देतो, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण. घरोघरी आजोबांची काठी, आजीची पाटा-वरवंट्याची जोडी किंवा वडिलांच्या हाताची एखादी वही जपून ठेवलेली असते, त्यामागची ओढ हीच.

त्या पेटीत तांब्याच्या करंडकाभोवती आठ मूर्ती मांडलेल्या होत्या. त्या बऱ्याच नंतरच्या, आठव्या-नवव्या शतकाच्या सुमाराच्या असल्याचे अभ्यासक मानतात. याचा अर्थ असा, की पहिल्यांदा पेटी पुरल्यानंतर कित्येक शतकांनी कोणीतरी श्रद्धेने ती पुन्हा उघडली, आपल्या काळाची भर घातली आणि पुन्हा बंद केली. तो त्या स्तूपाचा जीर्णोद्धारच होता. परंतु पुढे पूजा करणारे उरले नाहीत, कथा सांगणारे उरले नाहीत, आणि सोन्याने जपलेली ती आठवण ‘बुरुड राजाचा कोट’ होऊन बसली. सोने टिकले, दगड टिकला, आठवण मात्र गेली. नुसत्या दगडावर विसंबून स्मरण राहत नाही. दरवर्षी त्या ठिकाणी येणारी आणि नाव घेणारी माणसे लागतात.

भुईगावचा शिलालेख

याच १८८२ साली सोपाऱ्याच्या भाटेळा तळ्याजवळ सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पुढे १९५६ साली भुईगाव येथे नवव्या शिलालेखाचा भाग मिळाला. गासच्या शेजारच्या गावात सापडलेल्या या दगडावरचा विषय विधींचाच आहे, ही विशेष लक्षात घेण्यासारखी गोष्ट.

हा लेख गिरनार आदी ठिकाणी अधिक चांगल्या स्थितीत असल्यामुळे त्याचा पूर्ण आशय माहीत आहे. सम्राट म्हणतो, लोक आजारपणात, मुलामुलींच्या लग्नात, अपत्यजन्माच्या वेळी, प्रवासास निघताना नाना मंगलविधी करतात. ते करावेत; पण त्यांचे फळ थोडे. मोठे फळ देणारा विधी निराळाच आहे. दास आणि सेवक यांच्याशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान राखणे, प्राणिमात्रांविषयी संयम बाळगणे, श्रमण-ब्राह्मणांना दान देणे, हा तो धर्मविधी होय. आणि हे बापाने, मुलाने, भावाने, धन्याने, मित्राने, फार काय शेजाऱ्यानेही एकमेकांस सांगावे, असा त्याचा उपदेश आहे.

अशोकाने विधी बंद करण्यास सांगितले नाही, तर विधीला आचरणाची जोड मागितली. पितृस्मरणाला हीच कसोटी लावली तर काय दिसते? वडील हयात असताना त्यांना विचारले नाही आणि नंतर त्यांच्या नावाने शंभर पाने वाढली, तर त्या पानांचे फळ थोडे. उलट ज्याने आईवडिलांची सेवा केली, त्याने वाडीतल्या केळीचे एक पान मांडून भाताची मूद ठेवली तरी ती पुरते. भुईगावच्या त्या दगडावरची अक्षरे कित्येक शतके कोणाला वाचता येत नव्हती. ती वाचता आल्यावर निदान विसरू नयेत.

पंधरवड्यातील नामावळी

भाद्रपद वद्य प्रतिपदेपासून अमावास्येपर्यंतचा पंधरवडा हा पितृपक्ष. ज्या तिथीस माणूस गेला, त्या तिथीस महालय करावयाचा. सौभाग्यवती स्त्री गेली असेल तर अविधवा नवमी, शस्त्राने किंवा अपघाताने मृत्यू आला असेल तर चतुर्दशी, आणि तिथी ठाऊक नसेल किंवा चुकली असेल तर सर्वपित्री अमावास्या. आश्विन शुद्ध प्रतिपदेला नातवाने आईच्या वडिलांचे श्राद्ध करावयाचे, त्याला मातामह श्राद्ध म्हणतात. वैशाखात अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेला कुंभ पितरांच्या नावे द्यावयाचा. कोणी सुटू नये, अशीच ही योजना दिसते.

तर्पणात तीळमिश्रित पाणी सोडताना पिता, पितामह, प्रपितामह अशी तीन पिढ्यांची नावे गोत्रासह उच्चारतात. पिता वसुरूप, आजा रुद्ररूप, पणजा आदित्यरूप मानला जातो. त्याचप्रमाणे आई, आजी, पणजी यांची नावे येतात, मग आईकडची. महालयात तर काका, आत्या, भाऊ, बहीण, सासरा, गुरू, शिष्य, मित्र अशी लांबच लांब यादी होते. लिहिणे-वाचणे घरोघर पोचले नव्हते, त्या काळी हीच कुळाची वही होती. वर्षातून एकदा ती मोठ्याने वाचली जात असे आणि शेजारी बसलेले पोर ती ऐकत ऐकत पाठ करीत असे. पणजीचे नाव काय, आईचे माहेर कोणते, कोणता काका लहानपणी गेला, ही माहिती मुलांना पुष्कळदा याच दिवशी मिळे.

या यादीच्या शेवटी जो भाग येतो तो सर्वांत थोर म्हणावा लागेल. ज्यांना मूल नाही, ज्यांचे नाव घेणारा नातलग उरला नाही, अशा अनोळखी मृतांसाठीही पाणी सोडले जाते. आपल्या घरची माणसे आठवून झाल्यावर ज्यांचे कोणीच नाही त्यांनाही ओंजळभर पाणी द्यावे, ही शिकवण ज्या विधीत आहे, तो विधी केवळ कुटुंबाचा राहत नाही.

मंत्र न म्हणणाऱ्या घरांतूनही हा दिवस पाळला जातो. सकाळपासून चूल पेटते. वडे, खीर, अळूवडी, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी असे जेवण होते. गेलेल्याला जे आवडे ते आवर्जून करतात. कावळ्यासाठी पान बाहेर ठेवतात आणि कावळा शिवेपर्यंत सारे घर थांबते. त्या थांबण्याच्या वेळात माणसे बोलतात ती गेलेल्याविषयीच. ‘काहीतरी राहिले असेल मनात’, असे म्हणून कोणी एखादे वचन देतो, धाकट्याचे शिक्षण पुरे करीन, बहिणीला अंतर देणार नाही. भावाभावांत बोलणे तुटलेले असले तरी त्या दिवशी एका ओटीवर बसावे लागते. जिवंतांना एकत्र आणण्याचे काम गेलेली माणसे अशा रीतीने करीत राहतात.

याला लेखी पुरावाही आहे. नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांकडे गावाप्रमाणे आणि आडनावाप्रमाणे ठेवलेल्या वह्या असतात. अस्थिविसर्जनास किंवा श्राद्धास गेलेला यजमान आपले नाव, वाडवडिलांची नावे आणि सही त्यात नोंदवतो. घरात एकही कागद उरलेला नसताना पणजोबाचे हस्ताक्षर त्या वहीत सापडल्याने डोळे पाणावलेली माणसे गावोगाव आहेत.

शेजारधर्मातील स्मरण

वसईच्या या पट्ट्यात अनेक धर्मांची माणसे शेजारी नांदतात. ख्रिस्ती बांधव २ नोव्हेंबर हा सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस पाळतात. कबरी स्वच्छ करून त्यावर फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात, दिवंगतांच्या नावाने मिस्सा अर्पण करतात. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया यांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर मृत्यू आला आणि १८६२ साली त्यांना संतपद मिळाले. हजारो कोस दूर गेलेल्या आपल्या माणसाचे नाव या भूमीने चार शतके टाकले नाही. मुसलमान बांधव शब-ए-बरातच्या रात्री कबरस्तानात जाऊन पूर्वजांसाठी दुवा मागतात. तीळ-पाणी, मेणबत्ती, दुवा ही साधने निराळी असली तरी त्यांच्यामागील भाव एकच आहे.

निर्मळ येथे एका शंकराचार्यांची समाधी आहे आणि कार्तिक वद्य एकादशीपासून तेथे जत्रा भरते. त्या जत्रेला सर्व धर्मांची मंडळी लोटतात. खेळणी, खाऊ, बैलांची घुंगरे, पाळणे यांच्या गर्दीत विसर पडतो, पण तो सारा आनंद एका दिवंगत संन्याशाच्या समाधीभोवती गोळा झालेला असतो. स्मरण म्हणजे केवळ शोक, असे नाही. त्यातून उत्सवही उभा राहतो.

ज्यांची नावे राहिली नाहीत

इतिहासात एक खंत मात्र वारंवार जाणवते. बोरिवलीजवळच्या एक्सर येथील वीरगळांवर जहाजांतून चाललेले युद्ध कोरलेले आहे. यादव राजा महादेव आणि शिलाहार सोमेश्वर यांच्यातील, इसवी सन १२६५ च्या सुमाराच्या, लढाईशी अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात. खालच्या पट्ट्यांत मारले जाणारे वीर आणि वरच्या पट्ट्यांत शिवलोकी पोचलेले तेच वीर दिसतात. मृत माणसाला मानाची जागा देण्याची ही दगडी भाषा होय. तरीही वल्ही मारणाऱ्यांपैकी एकाचेही नाव आज सांगता येत नाही.

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या सैन्याने वसईचा किल्ला घेतला. या विजयाच्या नवसातून वज्रेश्वरीचे देऊळ उभे राहिले. सेनापतींची नावे सर्वांना पाठ आहेत. पण तटाखाली हजारो शिपाई कामी आले, त्यांची यादी कोणी ठेवली? शस्त्राने गेलेल्यांसाठी चतुर्दशी आणि अज्ञात तिथीच्या मृतांसाठी अमावास्या राखून ठेवणाऱ्या पूर्वजांना हा प्रश्न पडला असला पाहिजे.

या बाबतीत पंढरपूरचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवण्यासारखे आहे. संत चोखामेळा हे मंगळवेढ्यास गावकुसाचे काम करीत असता ते कोसळून १३३८ साली अनेक मजुरांसह गाडले गेले. ढिगाऱ्यातून त्यांच्या अस्थी शोधण्यास संत नामदेव स्वतः गेले. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या, असे परंपरा सांगते. त्या अस्थी त्यांनी पंढरपुरास आणून महाद्वारासमोर समाधी दिली. हयातीत ज्याला देवळात पाऊल टाकू दिले नाही, त्या मजुराचे स्मरण नामदेवांनी देवाच्या दारात कायमचे उभे केले. समोरच नामदेवांची पायरी आहे. पुढे साने गुरुजींनी १९४७ साली केलेल्या उपोषणानंतर ते देऊळ सर्वांना खुले झाले, तेव्हा सहाशे वर्षांचे एक देणे अंशतः फिटले. दगडावर कोणाचे नाव यावे आणि कोणाचे राहून जावे, याचा विचार प्रत्येक जीर्णोद्धाराच्या वेळी करावयास हवा तो यासाठी.

जीर्णोद्धार कशाचा?

देवळाला ज्यांनी हजारो रुपये दिले, त्यांचे नाव शिळेवर येते आणि ते योग्यच आहे. परंतु जुन्या देवळाचा चिरा ज्यांनी डोक्यावर वाहिला, विहिरीचे पाणी ज्यांनी ओढले, पहाटे न चुकता ज्यांनी अंगण झाडले, उत्सवात ज्यांनी चुलीपुढे रात्र काढली, त्या बायाबापड्यांची नावे वयोवृद्धांच्या तोंडी अजून शिल्लक आहेत. ती आज लिहून घेतली नाहीत, तर पुढच्या पिढीला मिळणार नाहीत. वसई-विरार महानगरपालिका २००९ साली स्थापन झाली, २०१४ साली पालघर जिल्हा झाला, आणि २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. वाड्या विकल्या जात आहेत, मुले नोकरीधंद्यासाठी दूर जात आहेत, ओटीची जागा बंद दाराने घेतली आहे. तीन पिढ्यांची नावे न अडखळता सांगणारे तरुण आता किती निघतील?

म्हणून देवळात एक नामावळीची वही असावी. तीत प्रत्येक घराने आपल्या तीन पिढ्यांची, आईकडच्या नावांसह नोंद करावी. ज्यांचे वारस उरले नाहीत त्यांची नोंद शेजाऱ्यांनी करावी. देऊळ बांधताना राबलेल्या गवंडी-मजुरांचीही नावे घालावीत. सर्वपित्री अमावास्येस ती वही सभामंडपात मोठ्याने वाचली जावी आणि वाचण्याचे काम गावातील मुलामुलींकडे द्यावे. यास फार खर्च नाही. एक वही, एक समई आणि तासाभराची शांतता एवढे पुरे.

देऊळ जुने होते, कौले फुटतात, वासे कुजतात, मग माणसे एकत्र येऊन ते नवे करतात. आठवणीचेही तसेच आहे. तीही दरवर्षी उचलून पुन्हा जागेवर ठेवावी लागते. सोपाऱ्याच्या स्तूपातले सोने जे करू शकले नाही, ते एका मुलाच्या तोंडचे पणजीचे नाव करू शकते. गासच्या या देवळात देवाच्या नावाबरोबर गेलेल्या प्रत्येकाचे नाव घेणारा कोणीतरी सदैव असावा, हीच ग्रामदेवतेच्या चरणी प्रार्थना.